आधी नकाशा, मग सूर

पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड म्हटलं की आमच्याकडच्या पोरांना त्यांचा 'द वॉल' हा अल्बम आठवतो, फार तर 'डार्क साइड ऑफ द मून'. मला मात्र त्यांचा दुसरा अल्बम जवळचा: 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स', जून 1968. त्यातही त्याच नावाचा, जवळपास बारा मिनिटांचा, एकही शब्द नसलेला तुकडा. मी जळगावात घरांचे नकाशे काढतो. या तुकड्यावर जीव जडण्यामागे हा धंदाही आहे.

तेव्हा बँडची अवस्था वाईट होती. पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याची, आणि त्याचीच प्रकृती ढासळत चालली होती. म्हणून गिटारवादक डेव्हिड गिलमूरला सोबत घेतलं, आणि काही महिन्यांतच सिड बाहेर पडला. गाणी लिहिणारा माणूसच गेला. मागे राहिलेल्यांत रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट यांची ओळख लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकात आर्किटेक्चर शिकताना झालेली. गिलमूरने पुढे सांगितलंय की हा तुकडा वॉटर्स आणि मेसनने आधी कागदावर आखला. कुठे चढायचं, कुठे उतरायचं, हे एखाद्या इमारतीच्या आकृतीसारखं मांडलं. सूर नंतर आले.

प्लॉट हातात आला की मीही आधी खोल्या काढत नाही. रस्ता कुठून, उतार कुठे, जिना चढून माणूस कुठे पोचणार, हे आधी ठरवतो. या बारा मिनिटांत मला तेच काम दिसतं.

सुरुवात इतकी दबकी आहे की मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना आणि कूलर घरघरत असताना ती ऐकूच येत नाही. हेडफोन लावा. ऑर्गन, झांजा, हळूहळू ताणत जाणारी अस्वस्थता. मग चौथ्या मिनिटाच्या आसपास मेसनचा ढोल सुरू होतो आणि थांबतच नाही, कारण तो टेपचा लूप आहे, म्हणजे रेकॉर्ड केलेला तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. राइट पियानोवर आघात करत सुटतो. गिलमूरने गिटार जमिनीवर ठेवून माइक स्टँडचा लोखंडी पाय तारांवरून वरखाली फिरवला, त्या किंचाळ्या आहेत. माझा साइटवरचा पोरगा हा भाग ऐकून म्हणाला होता, "हाई काय लायेल शे भाऊ?" मी त्याला शेवटपर्यंत बसवलं. कारण त्या सगळ्या गदारोळानंतर एक घुमणारी पोकळी येते, आणि मग ऑर्गनवर एकच संथ चाल, तिच्यावर माणसांचे आवाज चढत जातात. तो काहीच बोलला नाही. पण फोन बाजूला ठेवून बसला होता.

तो शेवट एकटा काढून ऐकला तर नुसता गोड वाटतो. आधीचा गोंधळ भोगून तिथे पोचलात तरच त्याचं वजन कळतं. सुट्या गाण्यांच्या जमान्यात अख्ख्या प्रवासाचा हिशेब आधी करणं, हीच पुढच्या प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब, बांधेसूद रचनांच्या रॉकची खूण. त्याच वाटेवरच्या किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 चा, आणि फ्लॉइडचा स्वतःचा, रेकॉर्डची एक बाजू व्यापणारा 'एकोज' 1971 चा. पायाभरणी मात्र इथे झालेली आहे.

बाकी अल्बम एकसारखा नाही. 'सी-सॉ' मला कधीच धरून ठेवत नाही. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' मात्र धरतो: मेसन साध्या काठ्या सोडून मऊ डोक्याच्या मॅलेटने वाजवतो, त्यामुळे ड्रम खोल जमिनीखालून आल्यासारखा वाटतो. याच गाण्यात सिड आणि गिलमूर दोघांचीही गिटार आहे. आणि शेवटचं 'जगबँड ब्लूज', अल्बममधलं सिडने लिहिलेलं एकमेव गाणं. त्यात मधेच साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा बँड वाजतो. त्या वादकांनी मनाला येईल ते वाजवावं, अशी सिडची इच्छा होती. निर्माता नॉर्मन स्मिथला लिहिलेले सूर हवे होते. हे ऐकून प्रत्येक वेळी गलबलतं.

मेसनचाही हा आवडता अल्बम. 2018 मध्ये त्याने फ्लॉइडची 'डार्क साइड'च्या आधीची गाणी वाजवण्यासाठी नवा बँड काढला, आणि त्याला नाव दिलं ते याच अल्बमचं.