आवाज आतला की बाहेरचा?

गोव्याची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्याभरावर आली होती आणि आमच्या गाडीच्या इंजिनात ठक-ठक सुरू झाली. गाडी 2004 सालची, छोटी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. बाबांनी हौसेनं घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर 2019 मध्ये आणि मग 2024 मध्ये, अशी दोनदा फेरनोंदणी करून आम्ही ती ठेवली आहे. फोंड्याहून वाळपईजवळच्या मूळ घरी चवथीची माणसं, सामान, माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या आराशीची फळं, सगळं हिच्यातूनच जातं. त्यामुळे ती बंद पडणं मला परवडणारं नव्हतं, आणि तिला भंगारात काढायचा विचारही मनाला शिवत नव्हता.

अडचण अशी की आवाज सतत येत नव्हता. सकाळी घरून निघताना इंजिन अगदी गप्प. संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात गर्दीत अडकलो की ठक, ठक, ठक. गॅरेजमध्ये नेलं की पुन्हा गप्प. पहिल्या गॅरेजवाल्यानं आवाज ऐकलाच नाही. मी सांगितलं तेवढ्यावरून तो म्हणाला, ‘कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.’ हा रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी जोडणारी दांडी. खर्च चाळीस-पंचेचाळीस हजार. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी उठल्यावर वाटलं, न ऐकलेल्या आवाजासाठी इंजिन खोलायला द्यायचं नाही.

डॅशबोर्डच्या खणात एक शंभरपानी वही आणि पेन ठेवलं. आवाज आला की बाजूला थांबून लिहायचं: इंजिन गार की गरम, गाडी उभी की चालती, कितवा गिअर, चढ की उतार, एसी चालू की बंद. आवाज आला नाही तरी लिहायचं. ही दुसरी नोंद फार कामाची ठरली, कारण आवाज कुठे येत नाही हे कळल्यावर निम्मे संशयित आपोआप गळून पडतात.

सगळ्यात आधी गळलं ते पेट्रोल. ओळखीचे दोघे-तिघे म्हणत होते की पेट्रोल हलकं पडतंय, म्हणून इंजिन नॉक करतंय. तो नॉक म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी किंवा एका झटक्यात पेटणं. तो इंजिनावर ताण असताना येतो, चढावर, वरच्या गिअरमध्ये, आणि त्याचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक असतो. मी मुद्दाम फर्मागुडीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, वेग पडू देऊन, दोनदा चढलो. काही नाही. साध्याऐवजी एकदा जास्त ऑक्टेनचं, सहजी नॉक न करणारं पेट्रोलही भरून पाहिलं. बाजारातली ठक-ठक जशीच्या तशी.

पिस्टन ढिला झाला तर तो गार इंजिनात वाजतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. आमचं नेमकं उलट. टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांचा आवाज टिक-टिक असा हलका, वरून येणारा. हा जाड होता, खालून येणारा. म्हणजे बेरिंगची भीती अजून उरलीच होती.

तीन आठवड्यांत वहीत एकवीस नोंदी झाल्या. नऊ वेळा आवाज आला होता, आणि नऊही वेळा इंजिन गरम, गाडी उभी, एसी चालू. ॲक्सिलरेटर थोडा दाबून रेस वाढवली की आवाज गायब. हे वाचून माझ्या जिवात जीव आला. बेरिंग गेलेलं असेल तर रेस दिल्यावर, ताण आल्यावर ते जास्त ठोकतं, असं लपून बसत नाही.

वही घेऊन कुर्टीच्या एका वयस्कर मेस्तांकडे, म्हणजे मेकॅनिककडे गेलो. त्यांनी ती चष्मा लावून शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘आधी गाडी गरम करून घेऊन ये. वाटेत बंद करू नको.’ उसगावपर्यंत जाऊन आलो. गाडी उभी केली, एसी लावला, आणि तिसऱ्या मिनिटाला आवाज आला. इतके दिवस ज्याचा राग येत होता, तो आवाज त्या दिवशी वेळेवर आला म्हणून मला आनंद झाला.

मेस्तांनी एकेका इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या भागाचा, सॉकेट काढून लावून पाहिला. त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद झालं की तिथल्या रॉडवरचा ताण उतरतो, आणि बेरिंग खराब असेल तर ठोका नरम पडतो. चारही सॉकेट झाले. इंजिन अडखळलं, पण ठोका बदलला नाही. मग ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावला. गरम इंजिनातही दाब चांगला होता. तरी त्यांनी ऑइल काढून पांढऱ्या कपड्यातून गाळलं आणि तो कपडा मला उन्हात धरायला लावला. बेरिंग झिजत असेल तर त्यावर तांब्याची नाहीतर चांदीची चमक दिसते. कपडा काळा होता, चमक कुठेच नव्हती.

नवीन ऑइल भरून इंजिन पुन्हा गरम केलं. मेस्तांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवली आणि टोक इंजिनावर एकेका जागी ठेवत गेले. वर हेडवर शांत. खाली ऑइलच्या चेंबरवर थोडा. बेल्टच्या बाजूला, टायमिंग कव्हरवर टोक टेकवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘हो आवाज भितरलो न्हय, भायलो.’

इंजिन बंद करून, बेल्ट काढून त्यांनी क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून हलवली. ती हलली. फार नाही, नखाएवढी. मधल्या बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस रंगाची पूड साचली होती, कुंकवाच्या करंड्याच्या काठावर राहते तशी बारीक. लोखंडावर लोखंड घासून झालेला तो गंज. बोल्ट काढला तर फार जोर लागलाच नाही. पुली आणि क्रँक यांना एकत्र धरणारी छोटी चावी एका बाजूनं खाल्ली गेली होती.

आठ महिन्यांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलून घेतला होता. त्यासाठी ही पुली काढावी लागते, आणि परत बसवताना बोल्ट नुसत्या अंदाजानं आवळला असावा, असं मेस्तांचं मत. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून रेस न देता, इंजिन हिसके देत फिरतं. एसी याच पुलीवरच्या बेल्टनं फिरतो, त्याचा ताण आला की ढिली पुली प्रत्येक हिसक्याला चावीवर आपटायची. रेस वाढली की फिरणं एकसारखं व्हायचं आणि पुली एका बाजूला दाबून राहायची, म्हणून आवाज थांबायचा. असंच आणखी काही महिने चाललं असतं तर क्रँकच्या टोकाची खाच मोठी झाली असती, आणि मग इंजिन खरंच उतरवावं लागलं असतं. मेस्तांनी खाचेतून नख फिरवून पाहिलं. काठ शाबूत होते.

पुली, चावी, बोल्ट तिन्ही नवीन घातलं. बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधला आकडा बघून आवळला. ऑइल आणि मजुरी धरून तीन हजार आठशे रुपये झाले. शेवटी मेस्तांनी बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर परत यायला सांगितलं.

चवथीला सगळे त्याच गाडीतून वाळपईला गेलो, माटोळीची तोरिंगं मागच्या सीटवर आईच्या मांडीवर. परत आल्यावर कुर्टीला गेलो. मेस्तांनी बॅटरी मारून रेघ बघितली. बोल्टावरची आणि पुलीवरची रेघ एकाच ओळीत होती.