ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा, हे एका फॅनने ठरवलं

कारखान्यातल्या नव्या लाइनसाठी ट्रान्सफॉर्मर निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हातात पडलेल्या लोड लिस्टच्या, म्हणजे कोणतं यंत्र किती वीज घेतं त्या यादीच्या, तळाशी कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: ‘सरळ १६०० घ्या.’ म्हणजे १६०० केव्हीए; केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप. मोठा घेतला की प्रश्न मिटला, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

आधी लिस्ट साफ केली. स्टँडबाय पंप चालू पंपांबरोबरच धरले होते, ते वगळले. नेमप्लेटवरचे किलोवॅट म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद. ट्रान्सफॉर्मरकडून त्याहून जास्त ओढलं जातं. सगळ्यात मोठा होता ३१५ किलोवॅटचा आयडी फॅन, म्हणजे धूर-वायू खेचून बाहेर टाकणारा पंखा. एफिशिअन्सी ०.९५ आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८७ धरला की होतात ३८१ केव्हीए, म्हणजे ४१५ व्होल्टला साधारण ५३० अँपिअर. बाकीचा चालता लोड ६२० केव्हीएच्या आसपास. एकूण हजार, वर थोडा वाव ठेवून १२५०. हे गणित कुणीही करेल.

खरी गंमत पुढे. बाकी सगळं चालू असताना हा फॅन सुरू झाला तर? डेटाशीटवर स्टार्टिंग करंट फुल लोडच्या साडेसहा पट होता. म्हणजे डीओएलवर, मोटर थेट पूर्ण व्होल्टेजला जोडून सुरू केली तर, काही सेकंद जवळजवळ २५०० केव्हीए, तेही अगदी कमी पॉवर फॅक्टरवर, त्यामुळे व्होल्टेज जास्तच बसतं. इथे केव्हीएपेक्षा टक्के इम्पीडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अंतर्गत अडथळा, महत्त्वाचा. आयईसी ६००७६-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ६३० च्या पुढे १२५० केव्हीएपर्यंत किमान ५ टक्के आणि त्यापुढे २५०० पर्यंत किमान ६ टक्के धरतात. एचटी (हाय टेन्शन) बाजूची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर तिथे किती ताकद वाहू शकते ती, १५० एमव्हीए धरून मी हिशेब मांडला. १२५० वर डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक घसरण, आला १०.४ टक्के, १६०० वर ९.९. ३५० केव्हीए वाढवून पदरात पडला अर्धा टक्का! केव्हीए वाढले, पण सोबत इम्पीडन्सही वाढला. पेन्सिलवाल्याचा सल्ला तिथेच निकालात निघाला.

२००० चा घेतला तर डिप ८.३ वर येत होता. पण मग एलटी (लो टेन्शन) बसची, म्हणजे पॅनलमधल्या मुख्य पट्ट्यांची, फॉल्ट लेव्हल ३६ किलोअँपिअरच्या पुढे, चालू मोटरींचा हातभार वेगळाच. आमचं पॅनल ३५ किलोअँपिअर सोसणारं. डिप वाचवायला अख्खं पॅनल बदलायचं, हे मला पटणारं नव्हतं.

आणि हे आकडे ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरचे. फॅन दीडशे मीटर लांब. तीन रन (समांतर टाकलेल्या तीन) ३०० स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम केबल धरूनही वाटेत आणखी सहा-सात टक्के जात होते. मोटरपर्यंत उरलं ८३ टक्के व्होल्टेज. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे जेमतेम ६९ टक्के. शिवाय टॉलरन्स: ट्रान्सफॉर्मरच्या इम्पीडन्सवर १० टक्के, मोटरच्या लॉक्ड रोटर करंटवर (सुरू होतानाच्या करंटवर) २० टक्के. दोन्ही वाईट बाजूला गेले तर १२५० वरचा डिप १३ टक्क्यांपर्यंत. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारे कॉइलचे स्विच, तेवढ्याने पडत नाहीत. ते खूप खाली सोडतात. पण त्याच क्षणी दुसरी मोटर घ्यायला गेलात तर कॉइल ८५ टक्क्यांच्या खाली नीट खेचेल याची खात्री नाही, आणि लांबच्या स्टार्टरवर कंट्रोल व्होल्टेज आधीच बसलेलं असतं.

मग स्टार्टर बदलायचं ठरलं. व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, विचार केला, पण या फॅनचा वेग बदलायची प्रोसेसला गरज नव्हती आणि हार्मोनिक्सची (करंटची लहर बिघडण्याची) नवी डोकेदुखी कोण घेणार? सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवणारा स्टार्टर, घेऊन करंट फुल लोडच्या चार पटीवर अडवला की डिप ६.६ टक्क्यांवर येतो. मात्र टॉर्कही डीओएलच्या ३८ टक्के उरतो, आणि कॅटलॉग वाचणारे हे वाक्य नेमकं गाळतात. भरलेल्या क्रशरला एवढ्याने हालवता येणार नाही. फॅनला येतं, पण डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) बंद असेल तरच. मोटरचा आणि फॅनचा टॉर्क-स्पीड कर्व्ह मी एकाच कागदावर काढला. डॅम्पर बंद असताना दोन्ही रेषांत शेवटपर्यंत अंतर राहत होतं, उघडा असताना वरच्या वेगाला त्या चिकटत होत्या.

शेवटी ऑर्डर गेली १२५० केव्हीए, ५ टक्के इम्पीडन्सची. टेस्ट रिपोर्टवर आला ५.१२. स्टार्टच्या वेळी पॅनलवर अॅनालायझर लावला होता. त्याने साडेसहा टक्क्यांच्या जवळचा डिप दाखवला. एकही मोटर ट्रिप झाली नाही. फॅनला वेग घ्यायला मात्र वेळ लागतो, त्यामुळे ओव्हरलोड रिले क्लास १० ऐवजी क्लास ३० ची, म्हणजे ट्रिप व्हायला जास्त वेळ देणारी, घ्यावी लागली. आणि डॅम्पर बंद असल्याचा लिमिट स्विच स्टार्ट सर्किटमध्ये सिरीजला घातला, म्हणजे डॅम्पर उघडा असेल तर फॅन सुरूच होणार नाही. ऑपरेशनवाले कुरकुरले, पण तो मी काढू दिला नाही.