बोटभर हलतंय

रविवार, १४ डिसेंबर. रात्रीचे साडेदहा.

चिमी झोपली. माझ्या उजव्या गुडघ्यावर रेक्झिनच्या शिवणीचा वळ अजून तसाच आहे. अण्णांच्या पिकअपमध्ये आज चिमीची कार-सीट (लहान पोरांना गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायची ती) बसली, त्याची ही पावती.

यांची पुण्याला बदली झाली तेव्हा गाडीही त्यांच्यासोबत गेली. चिमीची सीट नाशिकला इंदिरानगरच्या घरात कोपऱ्यात पडून होती, तिच्यावर धुतलेले कपडे साचायचे. माहेर पिंपळगाव बसवंतच्या थोडं पुढे. दर फोनला अण्णांचं एकच, "येतो ना मी गाडी घेऊन, त्यात काय?" गाडी म्हणजे त्यांची २००८ सालची डबल कॅबिन पिकअप. मागे टोमॅटो, द्राक्षं, खताच्या गोण्या, नाहीतर छाटणीची माणसं. एअरबॅग नाही, पोरांची सीट थेट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या तर नाहीतच.

"तू मांडीवर बसूनच मोठी झालीस की," हे त्यांचं पहिलं वाक्य. खोटं नाही ते. चांदवडला मावशीकडे जाताना मी आईच्या मांडीवर, माझ्या मांडीवर डबा आणि वळणांवर आईचा एक हात डॅशबोर्डवर. आमचं काही झालं नाही. ज्यांचं झालं, ते "आमचं काही झालं नाही" सांगायला येत नाहीत.

वाद न घालता मी हिशेब मांडला, तोही मार्केटच्या भाषेत. ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचं पोर हातातून साधारण १४० किलोच्या जोरानं पुढे ओढलं जातं. "वीस किलोची सात कॅरेट, अण्णा. धराल हातात?"

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "हायवेला पन्नासनं कोण चालवतं?"

गंमत म्हणजे ओझं बांधायचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. गाडी भरली की दोरी दोनदा फिरणार, ताडपत्रीच्या कडीला गाठ बसणार आणि निघण्याआधी वरचं कॅरेट एका हातानं हलवून बघणार. कॅरेट हललं तर सगळी दोरी सोडून पुन्हा. फक्त कॅबिनमध्ये सगळं सुटं: पाना, पाण्याची बाटली, नात.

नोव्हेंबरात एकदा मी मागचं बाकडं उचकटलं. फटीत काय नव्हतं! कांद्याची सालं, सुतळी, छाटणीची गंजलेली कात्री, बाजार समितीच्या पावत्या आणि सगळ्यांत खाली, मातीनं कडक झालेले कमरेचे दोन पट्टे. नुसते कमरेचे, खांद्याचा पट्टाच नाही. आमच्या सीटच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची तर तीन बिंदूंचाच, कमर आणि खांदा दोन्हीचा पट्टा हवा. चिमी १३ महिन्यांची, साडेनऊ किलोची. युरोपच्या जुन्या नियमात नऊ किलोनंतर सरळ तोंडानं बसवता यायचं. नव्या आर-१२९ नियमात किमान १५ महिने तोंड मागेच हवं. याचं कारण मला पटतं. या वयात डोकं जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की उलट बसलेल्या पोराचा भार सगळ्या पाठीवर पसरतो, सरळ बसलेल्याचं डोकं एकट्या मानेवर हिसकतं.

पुढच्या डाव्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे. एअरबॅग असती तर तिथे उलटी सीट ठेवायचं नावच काढायचं नाही, कारण ती फुगताना सीटच्या पाठीवरच आदळते. आमच्याकडे एअरबॅगच नाही, तेव्हा ती भीती नव्हती. पण जागा कुठे होती? सीटचं टोक डॅशबोर्डला टेकलं, आणि पट्टा पूर्ण ओढूनही बक्कलपर्यंत पोचायला चार बोटं कमी. अण्णा म्हणाले, "सुतळी बांधू." मी नुसतं बघितलं. "आगं, गंमत केली," म्हणाले. अर्धीच गंमत होती ती.

मग आडगाव नाक्याचे मिस्तरी. आधी ते म्हणाले, "ताई, पत्र्याला भोक पाडतो, नट-बोल्ट टाकतो, हाय काय अन् नाय काय." मी नको म्हटलं. नुसत्या पत्र्यातला बोल्ट धडकेत पत्रा फाडून बाहेर येतो. पट्टा धरणारी जागा मुळातून मजबूत केलेली लागते. त्यांना राग आला नसावा, कारण त्यांनी मागच्या खांबावरचं प्लास्टिक उघडलं, आत टॉर्च मारला आणि हसले. "हे बघा, कंपनीनं नट आधीच बसवलाय, पट्टा तेवढा लावला नाही." धुळीनं भरलेला, बारीक आट्यांचा नट, ७/१६ इंची. सीटबेल्टच्या बोल्टचं जगभर चालणारं माप. सतरा वर्षं तो खांबात वाट बघत बसला होता, आणि आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालत होतो. खाली बाकड्याच्या बुडाशीही तसेच नट निघाले. पुढच्या आठवड्यात मिस्तरींनी नवा तीन बिंदूंचा पट्टा लावून दिला.

आज सकाळी नऊला आमच्या सोसायटीत मुख्य काम. उलटं तोंड असेल तर पट्टा निळ्या खुणांतून, सरळ असेल तर लाल. निळ्यातून ओवला, सीटमध्ये गुडघा रोवला, सगळं वजन टाकून ओढला, सीटवरच्या चिमट्यात अडकवला. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवलं तर सीट इंचभराच्या आत हलायला हवी. माझी दोन इंच हलत होती. गुळगुळीत रेक्झिन आणि मधे बसलेला फोम. तीनदा सोडलं, तीनदा ओढलं.

मग कलण्याचा घोळ. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. ती जुळेचना. वॉचमनकाकांनी न विचारता सांगितलं, "ताई, पार्किंगला उतार आहे." गाडी रस्त्यावर सपाट जागी घेतली, तरी रेघ थोडी वाकडीच. कारण अण्णांनी सांगितलं. रिकाम्या पिकअपचं बूड वर असतं, स्प्रिंगचे पाटे ताणलेले नसतात. माल भरला की मागून बसते. म्हणजे पिंपळगावला जाताना चिमी जरा जास्त आडवी आणि भरून येताना जास्त ताठ. हे कुठल्याही पुस्तिकेत मला सापडलं नव्हतं. पुस्तिकेत टॉवेलची गुंडाळी चालते असं लिहिलंय, ती खाली सरकवली आणि रेघ जुळली.

मी चौथ्यांदा ओढत होते तेव्हा अण्णा दाराशी आले. काही न बोलता सीट हलवून पाहिली, अगदी कॅरेट हलवतात तशी. "बोटभर हलतंय," म्हणाले. "सरक." आणि त्यांचा गुडघा, ज्याला जिना चढताना त्रास होतो तो, सीटमध्ये गेला. करकर आवाज झाला, सीटचा की गुडघ्याचा कुणास ठाऊक. पुन्हा हलवलं तर गाडीच हलली.

आईनं फोनवर बजावलं होतं, "निफाडकडे गारठा आहे, जाड स्वेटर घाल तिला." द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्यात, गारठा खराच आहे. पण जाड स्वेटरवर पट्टे आवळले की धडकेत स्वेटर चेपतो आणि पट्टे ढिले पडतात. पातळ अंगरखा घातला, पट्टे आवळले, खांद्याजवळ चिमटीत पट्टा येत नाही ना ते बघितलं, वरून शाल टाकली. आईला हे सांगितलेलं नाही.

"पोलीस विचारतात का गं हे?" अण्णांनी विचारलं. कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा अशा सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. पण मला आजवर कुणी विचारलेलं नाही. अण्णांना तर मालाच्या कागदांसाठीच थांबवतात.

द्वारका चौक ओलांडेपर्यंत चिमी रडली. समोर मागची काच, काचेबाहेर रिकामी कॅरेट नाचताहेत, आणि आई कुठंय ते दिसत नाही. आडगाव नाक्यापासून मी मागेच तिच्या शेजारी बसले. दहाव्या मैलाशी तिला कॅरेटांची गंमत वाटायला लागली, ओझरला झोपली. मान एका बाजूला, पण पुढे पडलेली नाही, हे मी चार वेळा बघितलं. अण्णा पन्नासनंच चालवत होते. मागून हॉर्न वाजत राहिले.

परत येताना मागे कोथिंबीर आणि आईनं दिलेले दोन पोती कांदे. माल भरला, दोरी फिरवली, वरचं पोतं हलवून पाहिलं. मग अण्णा कॅबिनचं मागचं दार उघडून आत वाकले.

उद्या टॉवेल धुवायचाय. कांद्याची सालं बक्कलमध्ये जाताहेत, तिथे ब्रश मारायला हवा.