कार्डावर नाव माझंच आहे की!

बँकेच्या कार्ड विभागात परदेशी निघालेली माणसं रोज भेटतात. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. विमानतळावरच्या लाउंजमध्ये कोणत्या कार्डावर सोडतात, पॉइंट किती जमतात, पहिल्या वर्षी फी माफ आहे का. त्या दुपारी समोर बसलेल्या काकूंनी यातलं काहीच विचारलं नाही. पर्समधून एक कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "हॉटेल बुक करताना हे चालेना. मुदत संपलेली नाही, बिल थकलेलं नाही. तुमच्याकडे काही घोळ झालाय का बघा."

मी नंबर टाकून पाहिला. कार्ड कायमचं बंद झालेलं होतं आणि कारणाच्या रकान्यात मुख्य कार्डधारकाच्या निधनाची नोंद होती. काकूंकडचं कार्ड अ‍ॅड-ऑन होतं, म्हणजे काकांच्या क्रेडिट कार्डावर घेतलेलं दुसरं कार्ड. काका गेल्यावर मुलाने बँकेत मृत्यूचा दाखला दिला होता आणि नियमाप्रमाणे काकांचं कार्ड बंद झालं. त्यासोबत हेही गेलं. काकूंना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

"काकू, हे कार्ड काकांच्या कार्डाला जोडलेलं होतं. ते बंद झालं की हे आपोआप बंद होतं."

"अहो, पण कार्डावर नाव माझंच आहे की!"

नाव त्यांचंच होतं. इतकी वर्षं घरातली निम्मी खरेदी त्यांनी याच कार्डावर केली होती, बिलाची तारीखही त्याच लक्षात ठेवायच्या. पण कर्जाचा करार काकांशी होता, मर्यादा काकांच्या उत्पन्नावर ठरलेली होती आणि वेळेवर भरलेल्या प्रत्येक बिलाची नोंद काकांच्या नावावर जमा होत गेली होती. काकूंच्या स्वतःच्या नावावर पतइतिहास म्हणून काही नव्हतंच. वाईट नव्हता, चांगला नव्हता, कोराच होता.

मग त्यांनी आणखी दोन कागद काढले. गेल्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या दोन बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला होता. दोन्हीकडून एकाच साच्यातलं उत्तर: आपण आमच्या निकषांत बसत नाही. कारण दिलेलं नव्हतं. "मी कुणाचा एक पैसा बुडवला नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, अपमान होता, आणि तो मला फार लागला. नकाराची अशी पत्रं आमच्या धंद्यात यंत्र पाठवतं, पण वाचणारं माणूस ती आपल्या चारित्र्यावरचा शेरा म्हणून वाचतं. कर्ज न घेतलेल्या माणसाबद्दल यंत्राला अंदाज बांधता येत नाही, एवढाच त्या पत्रांचा अर्थ होता. मी तो त्यांना सावकाश समजावून सांगितला. आणि आता तिसरीकडे अर्ज करू नका असंही बजावलं. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक पतनोंदणी संस्थेकडे चौकशी करते, त्या चौकशीची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत अशा तीन-चार नोंदी दिसल्या की पुढची बँक आणखी बिचकते.

लेक जर्मनीत, दिवस भरत आलेले. विमान पंधरवड्यावर आलं होतं. लेकीचं घर एका खोलीचं, म्हणून सुरुवातीचे काही दिवस काकू जवळच्या हॉटेलात राहणार होत्या. त्या हॉटेलचा मेल त्यांनी छापून आणला होता आणि एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. पाहुण्याने येताना स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड दाखवावं, अनामतीसाठी डेबिट किंवा प्रीपेड कार्ड चालणार नाही. जावई त्यांचं कार्ड द्यायला तयार होते. काकूंना ते नको होतं. "बाळंतपणाचा सगळा भार त्यांच्यावर आहे, त्यात माझ्या खोलीचा कशाला?"

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी म्हणाला, "युरो भरलेलं प्रीपेड देऊन टाक, आत्ताच्या आत्ता मिळेल." तसं करणं सोपं होतं. आमच्याकडे प्रवासाचं प्रीपेड कार्ड बहुतेकांच्या हातात त्यामुळेच पडतं: उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पतइतिहास लागत नाही, पासपोर्ट दाखवला आणि पैसे भरले की काम झालं. भरलेल्या रकमेचा दर त्याच दिवशी पक्का होतो, हा फायदाही खरा आहे. पण लगेच मिळणाऱ्या कार्डावर बऱ्याचदा नाव छापलेलं नसतं, आणि अनामतीचं काम त्याने होत नाही. हॉटेलवाला किंवा भाड्याने गाडी देणारा खोलीच्या बिलाखेरीज काही रक्कम अडवून ठेवतो. क्रेडिट कार्डावर मर्यादेचा तेवढा तुकडा अडकतो. डेबिट किंवा प्रीपेडवर आपले स्वतःचे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यानंतरही सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात. परक्या देशात, हातातल्या पैशांचा मोठा हिस्सा असा गोठला तर माणूस काय करणार? परदेशप्रवासासाठी कार्ड निवडताना मी पहिल्यांदा हेच विचारते की ते कुठे कुठे पुढे करावं लागणार आहे. सवलती आणि पॉइंटांचं नंतर बघता येतं.

काकूंना क्रेडिट कार्ड हवंच होतं आणि नेहमीच्या वाटेने ते मिळणार नव्हतं. उरली मुदत ठेवीवरची वाट. ठेव तारण ठेवायची आणि तिच्या काही टक्के मर्यादेचं कार्ड घ्यायचं. बँकेचा धोका ठेवीने झाकलेला असतो, त्यामुळे कोरा इतिहास आड येत नाही. कार्ड पुढे केल्यावर ते ठेवीवरचं आहे हे हॉटेलवाल्याला कळतही नाही, त्याच्या लेखी ते साधं क्रेडिट कार्डच असतं. ठेवीवर व्याज चालू राहतं. काकूंकडे ठेव होती, पण ती काका आणि काकू अशी दोघांच्या नावावर. तारण नोंदवायचं तर आधी ती एकट्या काकूंच्या नावावर करून घ्यावी लागणार होती.

मी फॉर्म पुढे ठेवला. कमी करावयाचे नाव, असा एक रकाना होता. काकूंनी पेन उचललं आणि थांबल्या. "यांचं नाव काढावंच लागेल का? पैसे तर माझेच आहेत ना आता?"

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. काढावंच लागेल, म्हटलं. पण जुनी पावती रद्द करण्याआधी तिची प्रत काढून देते, दोघांची नावं असलेली, घरी ठेवा. त्यांनी मान हलवली आणि काकांचं पूर्ण नाव त्या रकान्यात लिहिलं, अक्षर न अक्षर नीट. मी साहेबांकडे जाऊन दोन्ही फॉर्म एकाच दिवशी मार्गी लावायची परवानगी घेतली. एरवी नाव कमी होऊन ठेव नव्याने छापली जाईपर्यंत कार्डाच्या अर्जाला कोणी हात लावत नाही, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. अमेरिकेत समान पतसंधीचा कायदा १९७४ साली झाला. तोपर्यंत तिथे विवाहित बाईने स्वतःच्या नावावर कार्ड मागितलं तर अनेकदा नवऱ्याची सही मागत. डायनर्स क्लबचं कार्ड १९५० साली निघालं, आज व्हिसा म्हणून ओळखलं जाणारं कार्ड १९५८ साली, म्हणजे कार्डांचं युग सुरू होऊन पाव शतक होत आलं तरी ही स्थिती होती. आता सही कोणी मागत नाही. पण नवऱ्याच्या कार्डाला जोडलेलं कार्ड वापरण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिच्या नावावर बँकेच्या दप्तरी काहीच नसतं, आणि ते तिला कळतं ते सर्वांत वाईट दिवसांत. या जोडकार्डांच्या जाहिराती आम्ही 'कुटुंबासाठी भेट' म्हणून करतो. अर्जाच्या फॉर्मवर ही गोष्ट ठळक अक्षरांत छापायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जावर नाव लिहिताना आम्ही पासपोर्ट उघडून शेजारी ठेवला. कार्डावर नावाला जास्तीत जास्त २६ जागा मिळतात, त्यात तीन पदरी नाव कोंबताना कुठेतरी आद्याक्षर करावं लागतं. काकूंच्या सहीत माहेरचं नाव यायचं, पासपोर्टवर ते नव्हतं. कार्ड पासपोर्टप्रमाणेच करायचं ठरवलं. काउंटरवरचा माणूस दोन्ही समोर धरून पाहतो तेव्हा त्याला खुलासे नको असतात.

फक्त क्रेडिट कार्डावर मात्र मी त्यांना सोडणार नव्हते. जर्मनीत लहान दुकानांत अजूनही रोख चालते, आणि काही ठिकाणी कार्ड घेतलं तरी ते तिथल्या बँकांचं गिरोकार्डच लागतं, बाहेरचं कार्ड चालत नाही. म्हणजे एटीएममधून युरो काढावे लागणार. ते क्रेडिट कार्डाने काढले तर शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून, बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोखीला नसते. त्यासाठी त्यांच्या पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड. ते मुद्दाम दुसऱ्या नेटवर्कचं काढलं, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. २०२२च्या मार्चमध्ये या दोन्ही कंपन्यांनी रशियातला व्यवहार थांबवला तेव्हा बाहेरची कार्डं घेऊन तिथे असलेल्या प्रवाशांचे हाल झाले. ती टोकाची गोष्ट झाली, पण एखाद्या दुकानाचं यंत्र एकच नेटवर्क घेतं, एखादं कार्ड एटीएम गिळतं, हे रोजचं आहे. प्रीपेडही थोडे युरो भरून दिलं, प्रवासातल्या किरकोळ खर्चासाठी. एकूण तीन, आणि तिन्ही तीन ठिकाणी ठेवायची.

आठवडाभराने कार्डं आली तेव्हा काकूंना मी दुपारच्या निवांत वेळी बोलावलं. दोन्ही कार्डांचा परदेशी वापर अ‍ॅपमधून चालू केला, कारण तो बंद ठेवूनच आम्ही कार्ड देतो आणि अर्धी माणसं ते न बघताच विमानात बसतात. पिन चार आकडी घेतला. आकड्यांनीच पाठ करा म्हटलं, तिकडच्या यंत्रावर अक्षरं असतीलच असं नाही. स्टेशनवरच्या तिकिटाच्या यंत्रापाशी माणूस नसतो, तिथे पिन आठवला नाही तर कोणाला विचारणार? साधारण ५० युरोपर्यंतची रक्कम कार्ड नुसतं टेकवून जाते, त्यावर पिन मागतात. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग चालू करायला मुलाला फोन लावला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका कागदाच्या चिठोऱ्यावर. मी त्यावर दुकानातल्या यंत्राचा पडदा काढला. वर लिहिलं ८० युरो, खाली तीच रक्कम आपल्या चलनात. "काकू, मी दुकानदार. यंत्र विचारतंय कशात घेऊ. कुठे बोट ठेवाल?"

त्यांनी चटकन खाली बोट ठेवलं. "आपल्या पैशात दिसलं म्हणजे किती गेले ते कळतं."

सगळे तेच करतात, आणि यंत्र लावणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. आपलं चलन निवडलं की दर आपली बँक किंवा कार्ड कंपनी लावत नाही, दुकानाची मध्यस्थ कंपनी लावते आणि त्यात स्वतःचा नफा धरते. आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, बऱ्याच कार्डांवर ३ टक्क्यांच्या आसपास, काही वेळा त्यावर पुन्हा लागतंच. विमानतळावरच्या खासगी एटीएमवर हा प्रश्न असा रंगवून विचारतात की 'नको' म्हटलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटावं. नको म्हणायचं, युरो मिळतात. मी चिठोऱ्यावर आकडे बदलून, ओळींची जागा वरखाली करून पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी शेवटी काकू माझं वाक्य पुरं व्हायच्या आत युरोवर बोट ठेवायला लागल्या आणि हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या गेल्या, पोचल्या. नातीचा फोटो मुलाने बँकेत येऊन दाखवला. हॉटेलने अडवलेली रक्कम खोली सोडल्यावर सुटायला आठवड्याच्या वर वेळ लागला, पण ती मर्यादेतली होती, काकूंच्या खर्चाला हात लागला नाही. पहिलं बिल त्यांनी तिथूनच तारखेच्या आधी भरलं. परत आल्यावर त्या हिशेबाचा कागद घेऊन आल्या आणि थेट विचारलं, "ठेव न ठेवता कार्ड कधी मिळेल मला?" वर्षभर बिलं अशीच वेळेवर गेली तर आपण अर्ज करू, मी म्हटलं, आता तुमच्या नावावर नोंद आहे. त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख डायरीत लिहून घेतली.

अ‍ॅड-ऑन कार्डाचा अर्ज आला की आता मी मुख्य कार्डधारकासमोरच विचारते, यांच्या एकटीच्या नावावर एखादं कार्ड आहे का? काहींना हा प्रश्न आवडत नाही, घरात दोन कशाला म्हणतात. परवा एका गृहस्थांनी अ‍ॅड-ऑनचा अर्ज भरून दिला, दारापर्यंत गेले, परत आले आणि बायकोच्या नावाचा दुसरा फॉर्म मागून घेतला.