तलवारी सगळ्यात शेवटी घ्या

साताऱ्यात तलवारीसोबत फोटो निघतो तो दोनच ठिकाणी: म्युझियममध्ये, नाहीतर वाढदिवसाच्या केकसमोर. दुसऱ्या फोटोनंतर पोलीस घरी येतात. त्यामुळे आम्ही जुन्या युरोपीय तलवारबाजीचा क्लब चालवतो म्हटलं की लोक आधी कायद्याचं विचारतात, मग "आपला मर्दानी खेळ सोडून हे काय?" आणि मग आवाज खाली आणून "तलवारी कुठनं आणता?" मी क्लबचा खजिनदार. हल्ली कराड-विट्याकडची पोरं फोन करतात, त्यांनाही क्लब काढायचाय, आणि त्यांचा पहिला प्रश्न हा तिसराच असतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पैसे जमले की आधी मास्क घ्या. फेन्सिंगचा साधा मास्क भारतात मिळतो. विकणारा ३५० न्यूटन, १६०० न्यूटन असे आकडे सांगेल. ते आकडे हनुवटीखालच्या झालरीच्या कापडाचे: टोक आरपार जायला किती जोर लागेल, एवढंच ते सांगतात. डोक्याला हादरा किती बसेल याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय हे मास्क हलक्या पात्यांच्या खेळासाठी बनलेले, मागचं डोकं उघडंच राहतं. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार फिरून नेमकी तिथे येते. आम्ही मागे बसवायला जाड चामड्याचं कवच चपला शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलं. नमुना उलटसुलट बघून त्यांनी विचारलं, "घोड्याचं हाय का?"

मग हात. या खेळात सगळ्यात आधी मार खातात ती बोटं. क्रिकेटच्या बॅटिंग ग्लोव्ह्जवर भागवू, असं प्रत्येक नव्या क्लबाला वाटतं. नायलॉनच्या तलवारीने सावकाश सराव असेल तर भागतंही. पण चेंडू समोरून येतो, तलवार वरून आणि बाजूनेही येते, आणि अंगठा उघडा पडतो. स्टीलच्या तलवारीसमोर ते ग्लोव्ह्ज चालणार नाहीत म्हणजे नाहीत. बाकी क्रिकेटचे उपकारच आहेत. एल्बो गार्ड, थाय पॅड, सेंटर गार्ड तालुक्याच्या दुकानातही मिळतात.

अंगरख्यासाठी बाहेर ऑर्डर देण्याआधी गोधड्या शिवणाऱ्या मावशींकडे जा. मध्ययुगात तिकडे लढणारे जो गँबेसन घालत, तो म्हणजे कापडाचे थरावर थर आणि त्यावर टाके. मावशींना यात शिकवण्यासारखं काही नव्हतं, फक्त काखेत मोकळं ठेवा एवढं सांगावं लागलं. फटका झेलायला हा अंगरखा उत्तम. मात्र भोसकण्याच्या सरावाला त्यावर विसंबू नका, तिथे चाचणी झालेलं फेन्सिंगचं जाकीटच हवं, कारण मोडलेलं पातं सुती थरांना जुमानत नाही.

मर्दानी खेळवाल्यांशी आमचं भांडण नाही. आमच्यातले कितीतरी तिथूनच आलेत, त्यांना पाय कसा टाकायचा हे शिकवावं लागत नाही. आणि फिरंग काय आपल्याला परकी? युरोपात घडलेली सरळ पाती इथल्या मुठी बसवून मराठे वापरतच होते. फरक एवढाच की आपल्याकडे अजून वस्ताद आहेत. लांब तलवारीची तिकडची परंपरा मध्येच तुटली. आज जे शिकवतात ते जुन्या हस्तलिखितांवरून पुन्हा जुळवलेलं आहे. म्हणजे वस्ताद म्हणजे पुस्तकच, आणि आपण चुकलो तरी पुस्तक कान धरत नाही.

खजिनदाराला आनंद याचा की ही पुस्तकं फुकट आहेत. 'विक्टेनॉअर' या ऑनलाइन ग्रंथालयात जुन्या पानांची चित्रं, मूळ मजकूर आणि बऱ्याच ग्रंथांची इंग्रजी भाषांतरंही आहेत. सुरुवात कुठून करावी यावर आमच्या क्लबात दोन तट आहेत. माझा तट आय.३३ वाल्यांचा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे जर्मन हस्तलिखित आता इंग्लंडात लीड्सला आहे. त्यात एक पाद्री आपल्या विद्यार्थ्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतो, आणि शेवटच्या पानांवर वालपुर्गिस नावाची बाई ढाल-तलवार घेऊन उभी राहते. पवित्रे सातच. ढाल-तलवार बघत वाढलेल्या पोरांना हे लगेच कळतं. दुसरा तट फिओरे या इटालियन उस्तादाच्या, १४१० च्या आसपासच्या ग्रंथाचा. त्याच्या चित्रांत उस्तादाच्या डोक्यावर मुकुट आणि शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा असतो, त्यामुळे डाव कुणाचा चाललाय ते न वाचताही समजतं. लिश्टेनाउअर या जुन्या जर्मन उस्तादाच्या ओळी मात्र मुद्दाम कोड्यात रचल्यात. नव्या क्लबाने तिथे डोकं फोडू नये.

योआखिम मायर या तलवारबाजाने १५७० साली स्ट्रासबुर्गला छापलेल्या ग्रंथात एक आकृती आहे: मधून फुलीने चार भाग केलेत आणि त्यांत वार कुठल्या क्रमाने करायचे याचे आकडे. आम्ही ती फ्लेक्सवर मोठी छापून घेतली. दुकानदाराने सवयीने विचारलं, "फोटो कुणाकुणाचे टाकायचे?"

जागेचा खर्च सगळ्यांना घाबरवतो. आमचा उपाय मंगल कार्यालय. पावसाळ्यात मैदानावर चिखल, आणि नेमकं तेव्हाच चातुर्मासात लग्नं नाहीत, हॉल रिकामे. मालक भाड्यात सूट देतात. पाहायला जाताना मान वर करा: पंखे आणि झुंबरं किती खाली आहेत? सव्वा मीटरहून लांब तलवार डोक्यावर उचलायचीय. मग बूट घालून फरशीवर घसरून बघा. गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर भाडं कितीही कमी असो, नको.

कायद्याचं थोडक्यात. धारदार तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्यात अडकवते, म्हणून आमच्याकडे धारेचं काहीच नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा काठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही, आणि सणासुदीला तो निघतोच. त्या दिवसांत फक्त पायांचा सराव. एरवीही सामान बंद किटबॅगेत, गाडीवर उघडं काही नाही, रील तर मुळीच नाही. पोलीस ठाण्यात आधीच लेखी कळवून पोच घ्या. सात सभासद जमले की धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवा. बँक खातं आणि हॉलची पावती संस्थेच्या नावावर निघाली की पोलिसांशी बोलणं सोपं जातं.

आता तलवार. लांब तलवारीच्या सरावाला 'फेडर' लागते: बोथट, साधारण दीड किलोची, टोक गोल, आणि भोसकलं की पातं वाकतं. शोभेच्या तलवारीने कुणालाही खेळू देऊ नका, मुठीतला जोड कधी सुटेल सांगता येत नाही. फेडरसोबत बारीक कानस आणि शिलाई मशीनचं तेल घ्या. तलवारीवर तलवार आपटून पात्याच्या कडेला टोचणारे कंगोरे उठतात, ते घासले नाहीत तर जाकीट फाडतात. आणि साताऱ्याच्या पावसात तेल न लावलेलं पातं लगेच गंजतं. ज्याने वापरली त्यानेच पुसायची, असा आमच्याकडे नियम आहे. तो मोडणाऱ्याकडून मी दंड घेतो, आणि कानशीचा खर्च त्यातूनच निघतो.

बघायला यायचं असेल तर सपाट तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पाण्याची बाटली आणा. मास्क आम्ही देऊ. पहिला महिना फेडर मागू नका.