‘बीट पडूनच नाही राहिला’: अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ड्रम अँड बेस मिक्सवरचे शेरे आणि त्यातलं तथ्य

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ड्रम अँड बेसचा, म्हणजे वेगवान ढोल आणि खोल बेसवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आडवळणी प्रकाराचा, डीजे मिक्स (एकात एक मिसळून अखंड वाजवलेले ट्रॅक) नागपुरात कोणालाही ऐकवा, तीन शेरे ठरलेले. ‘बीट पडूनच नाही राहिला’ (म्हणजे बीट पडतच नाहीये), ‘सगळं एकसारखंच आहे’ आणि ‘मधातच तुटते’. तिन्ही मनापासून दिलेले असतात. पण पहिला मोजण्यातून येतो, तिसरा बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमधून. दुसऱ्यात मात्र दम असू शकतो.

पहिला शेरा घेऊ. ड्रम अँड बेस १७० ते १७५ बीपीएमवर (मिनिटाला इतक्या मात्रा) चालतं, म्हणजे एक मात्रा साधारण ०.३५ सेकंदाची. नेहमीच्या रचनेत चार मात्रांच्या बारमध्ये (आवर्तनात) स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ढोल, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो, त्यामुळे धावपळ कळते. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट प्रकारात तो बऱ्याचदा फक्त तिसरीवर येतो. पाय आपोआप ८५ ने हलायला लागतो आणि ऐकणारा म्हणतो, हे तर संथ आहे. लय बदललेली नसते. तबला ऐकणाऱ्याला सांगायचं तर ठेका ठायीत आहे आणि हाय-हॅट (छोट्या झांजा) दुगुन-चौगुनीत. एका बोटाने हॅट धरा, पायाने स्नेअर धरा. दोन्ही एकदा जुळले की ‘बीट’ शोधत बसावं लागत नाही.

ढोलाचे जे बारीक तुकडे मधून मधून उडताना ऐकू येतात, त्यांची मुळं अनेकदा १९६९ च्या एका रेकॉर्डमध्ये असतात. द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले ते चार बार जेमतेम सहा-सात सेकंदांचे आहेत. मूळ लय १३६ च्या आसपास. ती साध्या पद्धतीने १७० वर नेली की वेग २५ टक्के वाढतो आणि स्वरही चढतो, जवळपास सा पासून शुद्ध ग पर्यंत. स्नेअर कोरडा, ताणलेला वाटतो तो यामुळेच. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट निर्माते त्या तुकड्याचे मुख्य ठोके काढून टाकतात आणि मधले हलके, दबलेले ठोके तेवढे ठेवतात. म्हणून आवाज ओळखीचा वाटतो, पण ठेका हाती लागत नाही.

आता ‘एकसारखंच’. यात आधी स्पीकरची झडती घ्यावी. या संगीतात सुरावट कमी, गोष्ट सांगते ती ४० ते ६० हर्ट्झची सब-बेस, म्हणजे सर्वात खालचा बेस. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, हातात मावणारे ब्ल्यूटूथ डबेही नाहीत. मग उरतो नुसता हॅट आणि धुकट सिंथेसायझर, आणि तो खरंच तासभर सारखाच असतो. टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, आवाज कमी ठेवून आधी ५० आणि मग ४० हर्ट्झ वाजवा. काही ऐकू आलं नाही तर अल्बमवर मत देण्याची घाई नको. इअरफोन असतील तर रबरी टोप्या कानात नीट बसल्या आहेत का पाहा. फट राहिली की सर्वात आधी बेस गळतो. ‘बेस बूस्ट’ बंदच ठेवा. ती सोय बहुधा ८०–१०० हर्ट्झ फुगवते, म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ढोल) जाड होते आणि खालची ओळ झाकली जाते.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेला होम थिएटरचा संच असेल तर सबवूफर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात तो काही स्वर अवाजवी घुमवतो आणि काही गिळतो. सोपा उपाय असा: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ४० ते ६० हर्ट्झचे टोन आळीपाळीने लावा आणि भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे सगळे टोन सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर हलवा. खोलीत कूलर चालू असेल तर मात्र हे सगळं वाया. पंख्याची खालची घरघर सब-बेस तर झाकतेच, वरचे दबलेले ठोकेही खाते. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा असं सांगायची हिंमत कोणी करणार नाही. पहाटे ऐका किंवा कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या.

एवढं करूनही एकसारखं वाटलं तर तक्रार विचारात घ्यायला हवी. अशा मिक्समध्ये दोन ट्रॅक ३२ किंवा ६४ बार एकमेकांवर चालतात, म्हणजे १७० ला ४५ ते ९० सेकंद. बदल वरच्या थरात शोधू नका, तो बेसमध्ये होतो. दोन सब-बेस एकत्र ठेवता येत नाहीत: एक ४५ हर्ट्झची आणि दुसरी ५० ची असेल तर सेकंदाला पाच वेळा घरघर उठते. म्हणून डीजे एकीचा लो-ईक्यू (बेस कमी-जास्त करायची कळ) पूर्ण खाली नेतो आणि दुसरी १६ बारच्या वाक्याच्या, म्हणजे संगीताच्या एका सलग तुकड्याच्या, तोंडाशी सोडतो. ही अदलाबदल कुठे झाली हे तासाभरात एकदाही जाणवलं नाही, तर मिक्स सपाट आहे असं म्हणायला हरकत नाही. सॉफ्टवेअरवर स्वर जुळवून बांधलेल्या मिक्समध्ये हा दोष हमखास येतो. सगळं शेजारच्या स्वरात ठेवलं की काही खटकत नाही, आणि काही लक्षातही राहत नाही.

२०१० मध्ये लंडनच्या फॅब्रिक क्लबच्या मालिकेत आलेला ५० वा फॅब्रिकलाइव्ह अल्बम, डीब्रिज आणि इन्स्ट्रामेंटल यांचा ‘ऑटोनॉमिक’, या कसोटीवर लावून पाहण्यासारखा आहे. नाचायला म्हणून लावला तर हिरमोड होईल. बेस ऐकत बसलात तर कुठे काय सरकलं ते सांगता येईल.

‘मधातच तुटते’ हे तपासायला सगळ्यात सोपं. तुटणं ट्रॅकचा आकडा बदलतो नेमक्या त्याच क्षणी होतं का? मग दोष प्लेअरचा. एमपी३ फाइल ११५२ नमुन्यांच्या चौकटीत बांधली जाते, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद, आणि सुरुवातीला-शेवटी रिकामी भर पडते. प्लेअरने ती कापली नाही तर अखंड मिक्सला उचकी लागते. सेटिंगमध्ये गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळवणं) शून्य, शफल (क्रम उलटसुलट करणं) बंद. क्रॉसफेड पाच सेकंदांवर राहिला तर एकाच मिक्सचे दोन भाग एकमेकांवर चढतात आणि शिव्या बिचाऱ्या डीजेला. आवाज समान करण्याची सोय ‘अल्बम’वर ठेवा, ‘ट्रॅक’वर नको, नाहीतर प्रत्येक सांध्यावर आवाज उडी मारतो.

उलट, ट्रॅकच्या मध्यातच ढोल आठ-दहा बारमध्ये हळूहळू फाकत गेले, तर ती डीजेची चूक. आणि सूर किंचित कमी-जास्त वाटला तर मिक्स बहुधा तबकड्यांवर वाजवलेला आहे: टर्नटेबलवर १७० चं १७४ केलं की स्वरही जवळपास अर्ध्या सेमिटोनने (सा ते कोमल रे या अंतराच्या निम्म्याने) चढतो. तो दोष मोजू नये.

मत लिहिताना मिक्समधली नेमकी वेळ नोंदवा, पण ती अखंड फाइलची की तुकड्यांची हे आधी सांगा. ‘३१ व्या मिनिटाला नवी बेस वाक्याच्या मधेच आली’ हे फाइल अखंड असेल तरच शोधता येतं. तुकड्यांत असेल तर ट्रॅकचा क्रमांक आणि त्या ट्रॅकमधली मिनिट-सेकंद लिहा.