निर्दोष कमिट मागे घेतली गेली तेव्हा

२०१९च्या पावसाळ्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ५.३ची आरसी (अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, टाकली होती. ५.२वर सगळं सुरळीत होतं. ५.३वर मात्र लॉगिन स्क्रीन येण्याआधीच मशीन गप्प! ना पॅनिक (कर्नल कोसळल्याचा संदेश), ना एरर. वैतागून दोन-चार कळा बडवल्या की लॉगिन हजर.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘सीआरएनजी इनिट डन’ (यादृच्छिक आकडे देणारा कर्नलचा भाग तयार झाला) ही ओळ नेमकी कळा बडवल्यानंतरची होती. म्हणून आधी रँडमचा, म्हणजे त्याच भागाचा कोड चाळला, तिथे काहीच हाती लागेना. मग गिट बायसेक्ट: चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीच्या मधली कमिट (कोडमधला एक नोंदलेला बदल) घ्यायची, कर्नल बांधून तपासायची आणि ‘गुड’ की ‘बॅड’ ते सांगायचं. दर खेपेला निम्म्या कमिट बाद होतात, तरी जुन्या प्रोसेसरवर कर्नल बिल्ड म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ या बिल्डच्या सोयीने नको ते ड्रायव्हर गाळले म्हणून निभावलं. खरी मेख वेगळीच होती. बूट होताना कीबोर्डला किंवा टचपॅडला नुसता हात लागला, तरी वाईट कर्नल चांगली ठरायची. त्यामुळे ग्रबमध्ये (बूटच्या वेळी कर्नल निवडायच्या मेनूत) एंटर मारला की हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि ‘गुड’ म्हणण्याआधी पुन्हा एकदा बूट करून खात्री करायची.

शेवटी बोट गेलं ते एक्स्ट४ फाइलसिस्टमच्या एका कमिटवर. फाइलसिस्टमचा लॉगिनशी काय संबंध? विश्वास बसेना, म्हणून तेवढी एकच कमिट रिव्हर्ट करून, म्हणजे मागे घेऊन, कर्नल बांधली. मशीन मुकाट्याने सुरू झालं.

ती कमिट आयनोड (डिस्कवरच्या फाइलची माहिती ठेवणारी नोंद) वाचताना शेजारशेजारच्या रिक्वेस्ट एकत्र करून डिस्कच्या फेऱ्या वाचवत होती. चांगलंच काम. पण फेऱ्या कमी म्हणजे इंटरप्ट (डिस्क, कीबोर्ड वगैरेंकडून प्रोसेसरला येणारे इशारे) कमी, आणि बूटच्या वेळी कर्नल यादृच्छिकता गोळा करते ती बरीचशी या इंटरप्टांच्या वेळांमधूनच. इकडे लॉगिनच्या वाटेवरचा प्रोग्राम गेटरँडम, म्हणजे कर्नलकडे यादृच्छिक आकडे मागणारा कॉल, करून बसलेला. पुरेशी एंट्रॉपी, म्हणजे ही यादृच्छिकता, जमेपर्यंत तो कॉल परतत नाही. प्रोग्राम थांबला म्हणून मशीन निवांत, आणि मशीन निवांत म्हणून इंटरप्ट नाहीत! माझ्या प्रोसेसरला आरडीरँडही (यादृच्छिक आकडे थेट देण्याची सोय) नव्हतं. (गंमत म्हणजे त्या काळी एक्स्ट४ आणि रँडम, दोन्हींचे मेंटेनर (कोडची देखभाल करणारे) एकच: टेड त्सो.)

कळवायला गेलो तर हीच तक्रार आधीच आलेली होती. मी माझं हार्डवेअर, बायसेक्टचा लॉग आणि रिव्हर्टचा निकाल एवढंच त्यात जोडलं. गेटरँडम असा वापरणंच चूक, कर्नलने का झुकावं, असा युक्तिवाद झाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण काल चालणारं मशीन आज बूट होत नाही, यापुढे तो टिकत नाही, असं माझं मत. १५ सप्टेंबरला ५.३ आली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती कमिट काढून टाकलेली होती.

५.४मध्ये ती परतली. दरम्यान गेटरँडम अडकलाच, तर प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून कर्नल स्वतःच एंट्रॉपी तयार करू लागली होती. ५.४ टाकून पाहिली. कीबोर्डला हात न लावता लॉगिन आलं.